ब्रिटनमधील प्लेसमेंटच्या वर्षाचे सोने कसे करावे

डरवेंटकाठ (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न या समूहात सतत येत असतात. त्यांतले बहुतेक प्रश्न प्लेसमेंट मिळवायची कशी याविषयी असतात. मिळाल्यानंतर त्या वर्षाचे करायचे काय, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मी डर्बीजवळच्या एका कारखान्यात अभियंता आहे, स्वतः अशाच अभ्यासक्रमातून शिकलो आहे आणि आमच्या विभागात दरवर्षी येणाऱ्या प्लेसमेंटच्या विद्यार्थ्यांची जबाबदारी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. एकाच विद्यापीठातून जवळपास सारखेच गुण घेऊन आलेली दोन मुले वर्षअखेरीस किती वेगळ्या जागी पोहोचतात हे मी जवळून पाहतो. त्या फरकाचा हुशारीशी फारसा संबंध नसतो, अशी माझी खात्री झाली आहे. ज्याने विचारले त्याला काम मिळत गेले आणि जो कोणीतरी सांगेल म्हणून थांबला त्याचे वर्ष तसेच निघून गेले, इतके ते सरळ आहे.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपल्याकडच्या कॅम्पस प्लेसमेंटशी हिचा संबंध नाही. येथील पदवीच्या दुसऱ्या आणि अखेरच्या वर्षाच्या मध्ये विद्यार्थी साधारण नऊ ते तेरा महिने एखाद्या कंपनीत पूर्णवेळ, बहुधा पगारी, काम करतो आणि त्या काळातही तो विद्यापीठाचा विद्यार्थीच राहतो. सँडविच कोर्स हे या पद्धतीचे जुने नाव. तिची सुरुवात १९०३ साली संडरलंडच्या तंत्रमहाविद्यालयात झाली आणि त्या शहराच्या जहाजबांधणीला व कारखानदारीला ती सोयीची होती. पुढे १९६६ साली लफबरो, बाथ, सरे, ॲस्टन, ब्रुनेल यांसारख्या तंत्रसंस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्यांच्याबरोबर ही पद्धतही विद्यापीठांत आली. आजही ही विद्यापीठे त्यासाठीच ओळखली जातात. अलीकडे अनेक ठिकाणी एमएस्सीलाही प्लेसमेंटचे वर्ष जोडलेले असते आणि पुण्या-नाशिककडून पदवी घेऊन येणारी बरीच मुले त्याच मार्गाने येतात.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांत आणि कॉलेजांत वरिष्ठांनी काम सांगेपर्यंत थांबणे, मध्ये न बोलणे, आपली अडचण आपणच निस्तरणे हे चांगल्या वळणाचे लक्षण मानले जाते. त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु येथल्या कचेरीत गप्प बसलेल्या मुलाविषयी दोनच तर्क केले जातात: एक तर त्याला सगळे समजले आहे, नाहीतर त्याला रस नाही. दोन्ही तर्क त्याचे नुकसान करतात. एखाद्या मुलाला काम अडल्यावर तीन दिवस एकटे झुंजत बसलेले मी पाहतो, तेव्हा त्याची जिद्द मला दिसते. पण त्याच्या साहेबाला फक्त तीन दिवस उशीर दिसतो. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की एखादी गोष्ट तासभर प्रयत्न करूनही सुटली नाही, तर काय करून पाहिले हे कागदावर लिहावे आणि तो कागद घेऊन शेजारच्या टेबलावर जावे. काय करून पाहिले हे सांगता आले की विचारणारा अडाणी ठरत नाही.

विद्यार्थी म्हणून कोणालाही काहीही विचारण्याची जी मुभा या वर्षात मिळते, ती पुढे कधीच मिळत नाही. कायम नोकरीत लागलेल्या माणसाने खरेदी विभागात जाऊन "तुम्ही पुरवठादार कसा निवडता?" असे विचारले, तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतील, प्लेसमेंटच्या विद्यार्थ्याने तेच विचारले, तर त्याला खुर्ची देतात आणि अर्धा तास समजावून सांगतात. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एका वेगळ्या विभागातल्या माणसाकडे अर्धा तास मागून घ्यावा. नकार क्वचितच मिळतो.

विचारण्याने काय होते याचे एक उदाहरण सविस्तर देतो. एका विद्यार्थिनीला नापास नगांचा तक्ता ठेवण्याचे काम मिळाले होते. ॲल्युमिनियमचे हाउसिंग (यंत्रभागाचे कवच), त्यातला ८० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक), टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रोज गेजवरचे, म्हणजे मोजणीच्या उपकरणावरचे, आकडे संगणकात भरायचे आणि आठवड्याला आलेख काढायचा, एवढेच तिच्याकडून अपेक्षित होते. पण ती आकडे घ्यायला स्वतः शॉप फ्लोअरवर जात असे आणि मोजणाऱ्या ऑपरेटरशी बोलत असे. तिच्या ध्यानात आले की चहाच्या सुट्टीनंतर मोजलेले पहिले काही नग ठरलेल्या मापापेक्षा कधीच मोठे भरत नाहीत. तिने ऑपरेटरला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते नग सुट्टीभर रॅकवर पडून असतात, बाकीचे गरम पाण्याच्या वॉशिंग मशीनमधून निघाल्याबरोबर त्याच्या हातात येतात. तिने तापमापक मागून घेतला. गरम नग, गेज ज्या प्रमाण कड्यावर जुळवतात त्या मास्टर रिंगपेक्षा, सुमारे दहा अंशांनी अधिक तापलेले होते. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे ८० मिलिमीटरच्या बोअरला दहा अंशांत साधारण १८ मायक्रॉनचा फरक पडतो. २५ मायक्रॉनच्या टॉलरन्समधले जवळजवळ तीन चतुर्थांश तिथेच संपत होते. लांबी-रुंदीची मापे २० अंश सेल्सिअसला धरायची असतात, हे त्या विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण वॉशिंग मशीन आणि गेज यांच्यामध्ये उभे राहून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. नग थंड होण्यासाठी एक जादा रॅक आला आणि चांगले नग भंगारात जाणे थांबले.

तिच्या वहीत त्या आठवड्याची नोंद "रिजेक्शनचा तक्ता केला" अशी नव्हती. कोणते नग, किती वाजता मोजले, तापमान किती, ऑपरेटर काय म्हणाला, पहिला तर्क कोणता होता आणि तो का सोडला, हे सगळे तारखांसह तिने लिहून ठेवले होते. विद्यापीठाचा अहवाल त्या पानांतूनच झाला, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत "एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली?" असे विचारल्यावर तिला काही आठवावे लागले नाही. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी अर्धा तास वहीसाठी ठेवा, हा माझा सर्वांना आग्रह आहे. अभियांत्रिकीच्या मुलांनी या नोंदी इंजिनिअरिंग काउन्सिलच्या यूके-स्पेक या निकषपत्रातल्या पाच क्षमतागटांनुसार लावून ठेवाव्यात. पुढे चार्टर्ड, म्हणजे अधिकृत मान्यताप्राप्त अभियंता, होण्यासाठी अर्ज करताना तो पुरावा लागतोच.

शेवटचे एक. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आपल्या वरिष्ठांकडे वेळ मागून स्पष्ट विचारावे: माझे काम कसे चालले आहे, कोणती एक गोष्ट मी बदलावी, आणि वर्ष संपण्यापूर्वी सुरुवातीपासून अखेरपर्यंत माझे म्हणता येईल असे एखादे काम मला मिळेल का? हे संभाषण अखेरच्या महिन्यात झाले, तर त्याचा उपयोग फक्त निरोप समारंभापुरता उरतो.

पंचवटीकर

लेख फार उपयुक्त आहे, मनापासून आभार. माझ्या मुलीला चार वर्षांच्या, म्हणजे प्लेसमेंटच्या वर्षासह असलेल्या, अभियांत्रिकी पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. आमच्या मनात पैशाचे आणि व्हिसाचे प्रश्न आहेत. त्या वर्षी पूर्ण फी भरावी लागते का? पगारात तिचा राहण्या-जेवणाचा खर्च निघेल का? आणि विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तासच काम करता येते असे आम्ही ऐकले आहे, तर मग ती पूर्णवेळ नोकरी कशी करणार? आपल्यापैकी कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील.

हिशेबनीस, लेस्टर

काकू, तुमच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. सत्र चालू असताना २० तासांची मर्यादा असते, हे खरे आहे. परंतु प्लेसमेंट अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असेल, तिचे मूल्यमापन होत असेल आणि पदवीच्या अभ्यासक्रमात तिचा काळ एकूण काळाच्या निम्म्याहून अधिक नसेल, तर त्या काळात पूर्णवेळ काम करण्याची परवानगी विद्यार्थी व्हिसातच असते. चार वर्षांत एक वर्ष म्हणजे काही अडचण नाही. विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या सीएएस कागदात प्लेसमेंटचे वर्ष धरलेले आहे ना, एवढे आताच पाहून घ्या. आधी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन नंतर ते वर्ष जोडले, तर व्हिसाची मुदत पुरत नाही. ती वाढवून घ्यावी लागते आणि त्याचे शुल्क वेगळे पडते. आरोग्य अधिभारही, जो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे, त्या जादा वर्षासाठी भरावा लागतोच.

फीविषयी म्हणाल, तर इंग्लंडमधल्या स्थानिक विद्यार्थ्यांसाठी त्या वर्षाची फी पूर्ण फीच्या २० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना ही मर्यादा लागू नाही, त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाचा आकडा वेगळा असतो. तो तुमच्या ऑफर लेटरमध्ये नसेल, तर ईमेलने लेखी मागवून घ्या.

पगाराचे एक उदाहरण करून दाखवतो. समजा वर्षाला २२,००० पौंड पगार ठरला. पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकर नाही. उरलेल्या ९,४३० पौंडांवर २० टक्के दराने १,८८६ पौंड आयकर आणि ८ टक्के दराने सुमारे ७५४ पौंड नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी) जाईल. हातात वर्षाला सुमारे १९,३६० पौंड, म्हणजे महिन्याला साधारण १,६१० पौंड पडतील. मिडलँड्समधल्या एखाद्या गावात मित्रांबरोबर घर घेऊन राहिल्यास यात नीट भागते आणि थोडी शिल्लकही पडते. लंडनमध्ये हात आखडता घ्यावा लागेल. विद्यार्थी म्हणून काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे येथल्या घरपट्टीत, जी सूट मिळते तिच्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र आठवणीने घ्यावे. प्लेसमेंटवर गेलो म्हणजे आपण विद्यार्थी उरलो नाही, असे समजून काही मुले निष्कारण तो कर भरत राहतात.

एक गोष्ट मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. येथील करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. जुलैत लागलेली मुलगी पुढच्या जूनअखेर काम सोडते, तेव्हा नव्या करवर्षात तिचे तीनच पगार झालेले असतात. वरच्या उदाहरणात ती रक्कम ५,५०० पौंड, म्हणजे करमुक्त मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी होते. त्या वर्षात दुसरे मोठे उत्पन्न नसेल, तर त्या तीन महिन्यांत कापलेला सुमारे ४७० पौंड आयकर परत मागता येतो. नॅशनल इन्शुरन्स मात्र परत मिळत नाही. काम सोडताना मिळणारा पी-४५ हा कागद म्हणूनच जपून ठेवावा.

पेन्शनचेही लक्षात असू द्या. २२ वर्षे पूर्ण झालेल्या आणि वर्षाला १०,००० पौंडांहून अधिक कमावणाऱ्या व्यक्तीला कंपनी आपोआप पेन्शन योजनेत घेते. एमएस्सीच्या बहुतेक मुलांना हे लागू होते. पदवीची मुले वयाने लहान असल्यामुळे त्यांनी स्वतः मागितले तरच मिळते.

पंचवटीकर

इतक्या नेमकेपणाने कोणी सांगितले नव्हते. विद्यापीठाला आजच ईमेल करते. मनःपूर्वक धन्यवाद.

कोरा_कागद

दादा, मी डेटा सायन्सच्या एमएस्सीला आहे आणि माझ्या अभ्यासक्रमात प्लेसमेंटचे वर्ष आहे, पण अजून जागा मिळालेली नाही. तुम्ही मिळाल्यानंतरचे लिहिले आहे, तरीही विचारतो. ऑनलाइन अर्जात "तुम्हाला व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का?" या प्रश्नाला "होय" म्हटले की दुसऱ्याच दिवशी नकार येतो. माझ्याबरोबरच्या कित्येक मुलांची हीच स्थिती आहे. विद्यापीठ म्हणते की जागा मिळाली नाही तर प्लेसमेंटविना असलेल्या अभ्यासक्रमात बदलून देऊ, पण त्यामुळे व्हिसाची मुदतही कमी होईल. घरी कर्ज आहे. पुढे काय करावे हे सुचेनासे झाले आहे.

सुरमई_सांज, ब्रिस्टल

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीचे काम पाहते, म्हणून याचे उत्तर देते. त्या प्रश्नाला तुम्ही "होय" असे उत्तर देत असाल, तर तुम्ही स्वतःच्याच वाटेत दगड ठेवत आहात. प्लेसमेंटच्या काळात तुमचे प्रायोजक विद्यापीठ असते. कंपनीला प्रायोजकाचा परवाना लागत नाही, शुल्कही भरावे लागत नाही; तिने फक्त तुमचा काम करण्याचा हक्क तपासायचा असतो आणि हे काम अभ्यासक्रमाचा भाग आहे असे विद्यापीठाचे पत्र जपून ठेवायचे असते. म्हणून प्रश्न केवळ या जागेपुरता असेल, तर "नाही" हे सरळ आणि खरे उत्तर आहे. प्रश्न "आता किंवा भविष्यात" असा असेल, तर मात्र खरे तेच लिहा, आणि जागा दिसेल तिथे एका वाक्यात खुलासा करा की या वर्षासाठी कंपनीवर कोणताही खर्च किंवा जबाबदारी येणार नाही. भरती करणाऱ्या अनेकांना हा नियम ठाऊकच नसतो. विद्यापीठाच्या प्लेसमेंट कार्यालयाकडून तसे एक पानी पत्र घेऊन अर्जाला जोडलेत, तर आमच्यासारख्यांचे काम सोपे होते.

दुसरे, संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांवर वेळ घालवू नका. तिथल्या पुष्कळ जागांना सुरक्षा तपासणी लागते आणि तिच्या एससी पातळीसाठी साधारणपणे मागील पाच वर्षे ब्रिटनमध्ये वास्तव्य अपेक्षित असते. आपली मुले मोठी नावे पाहून तिथे अर्ज करतात आणि नकार आला की स्वतःला दोष देतात.

तिसरे म्हणजे हंगाम. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्यातल्या जागा आदल्या सप्टेंबरपासून भरू लागतात आणि पुष्कळदा शेवटच्या तारखेची वाट न पाहता आलेल्या क्रमाने अर्ज तपासतात. लहान कंपन्यांचे कामाचे गणित वर्षभर आधी ठरत नाही, त्या मार्च ते जुलैमध्ये जाग्या होतात. तुमची वेळ आता लहान कंपन्यांची आहे. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला प्लेसमेंट हा प्रकारच माहीत नसतो. तिच्या संचालकांना थेट आणि मोजके पत्र लिहा: त्यांच्या कोणत्या कामात तुमचा उपयोग होईल, काळ किती, आणि कायद्याची बाजू विद्यापीठ सांभाळते. शंभर ठिकाणी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा दहा कंपन्यांची उत्पादने नीट पाहून लिहिलेली दहा पत्रे अधिक कामाची असतात, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगते.

आणि कोणी "आमच्याकडे प्लेसमेंट दाखवू, पैसे द्या" असे सांगितले, तर त्या वाटेला जाऊ नका. त्यात व्हिसाच धोक्यात येतो.

कोरा_कागद

ताई, हे पत्राचे मला कोणीच सांगितले नव्हते. प्लेसमेंट कार्यालयात उद्याच जातो. फार आधार वाटला.

रसायनशाळा

डरवेंटकाठ यांच्या लेखातले बरेचसे पटले, पण एका मुद्द्यावर मी वेगळे मत मांडू इच्छिते. मी चेशायरमध्ये एका औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे येणारा विद्यार्थी पहिले काही महिने एकच चाचणी पुन्हा पुन्हा करतो. त्याने तिसऱ्या आठवड्यात पद्धत सुधारण्याची सूचना केली, तर आम्हाला कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. मान्य झालेल्या पद्धतीत बदल करायचा तर त्याची लेखी प्रक्रिया असते, आणि ती उगाच नसते. त्या निकालावर विसंबून कोणीतरी गोळी घेणार असते.

आमच्या प्रयोगवहीचेच पाहा. नोंद काम करताना, त्याच क्षणी आणि शाईनेच करायची. चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवायची नाही. आकडा चुकला तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी आद्याक्षरे, तारीख आणि कारण. पानाचा रिकामा राहिलेला भाग तिरकी रेघ मारून बंद करायचा, म्हणजे तिथे मागाहून काही लिहिता येणार नाही. शेवटी दुसऱ्या कोणीतरी पान तपासून सही करायची. मुलांना सुरुवातीला हा जाच वाटतो. सहाव्या महिन्यात त्याच मुलांचे हात आपोआप तसे चालू लागतात, आणि ही सवय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत कधीच लागत नाही. तेव्हा एकच काम पुन्हा पुन्हा मिळाले म्हणून वर्ष वाया गेले, असा समज या धाग्यावरून कोणी करून घेऊ नये. एखादे काम शंभर वेळा बिनचूक करता येणे हेसुद्धा मोठे कसब आहे.

डरवेंटकाठ (धागाकर्ता)

रसायनशाळा ताई, तुमचे म्हणणे महत्त्वाचे आहे आणि त्याने माझ्या लेखाला आवश्यक ती मर्यादा घातली आहे. सूचना करणे आणि विचारणे यांत मीही फरक करतो. तुमच्याकडच्या विद्यार्थ्याने पद्धत बदलू नये, पण ती पद्धत अशी का ठरली, ही मर्यादा कोणी आणि कशाच्या आधारे घातली, हे तो विचारू शकतो ना? माझ्या लेखातल्या विद्यार्थिनीनेही गेजला हात लावला नव्हता. तिने आधी ऑपरेटरला कारण विचारले.

रसायनशाळा

हे अवश्य विचारावे. "का" असे विचारणाऱ्या मुलांनाच आम्ही पुढे पद्धतीच्या पडताळणीच्या कामात घेतो. इथवर आपले एकमत आहे.

मांडवीतीर

मी बिट्स पिलानीच्या गोवा आवारात शिकलो. तिथली प्रॅक्टिस स्कूल ही व्यवस्था १९७३ पासूनची आहे. तिच्यात दुसऱ्या टप्प्यात साडेपाच महिने एखाद्या कंपनीत काम करायचे असते. त्या अनुभवावरून सांगतो की साडेपाच महिन्यांत काम हाताला लागते आणि तेवढ्यात निघायची वेळ येते. ब्रिटनमधल्या पूर्ण वर्षाचे खरे मोल उत्तरार्धात आहे, कारण तोपर्यंत तुम्हाला कंपनीची भाषा, माणसे आणि पद्धती माहीत झालेल्या असतात. पुष्कळ मुले सातव्या-आठव्या महिन्यापासून मनाने परत विद्यापीठात गेलेली असतात, हे मी येथे मँचेस्टरमध्ये पाहतो. त्यांनी हा उत्तरार्ध वाया घालवू नये.

चौथा_मजला

कामाबाहेरच्या दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून लिहितो. पहिली घराची. विद्यापीठाच्या गावांत पुढच्या वर्षाच्या घराचे करार पुष्कळ आधीपासून होऊ लागतात. मित्र आग्रह करतात, मुले संयुक्त करारावर सह्या करतात आणि नंतर दुसऱ्या शहरातली प्लेसमेंट हाती येते. संयुक्त करारात प्रत्येक जण संपूर्ण भाड्याला बांधील असतो. ज्याने प्लेसमेंटसाठी अर्ज केले आहेत त्याने मित्रांना तसे स्पष्ट सांगून सही लांबणीवर टाकावी. मित्र नाराज होतील, पण दोन घरांचे भाडे भरण्यापेक्षा ते बरे. शिवाय नव्या गावी घर घेताना ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. तो नसेल तर जामीन देणाऱ्या संस्थेविषयी आधी चौकशी करून ठेवावी.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. लहान औद्योगिक गावात हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, सहकारी आपापल्या घरी जातात आणि आपण खोलीत एकटे उरतो. ज्या कंपनीत प्लेसमेंटची आणखी मुले असतील तिथे त्यांचा गट करावा, एकत्र घर घ्यावे. जिथे नसतील तिथे गावातल्या क्रिकेट क्लबात, धावणाऱ्यांच्या गटात किंवा जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात पहिल्या महिन्यातच जावे. मन फार खचले तर विद्यापीठाची समुपदेशन सेवा त्या वर्षीही आपल्यासाठी असते, कारण आपण विद्यार्थीच असतो. वर्ष संपवून परत गेल्यावर, प्लेसमेंटला न गेलेले आपले सोबती पदवी घेऊन निघून गेलेले असतात. त्याचीही मनाची तयारी ठेवावी आणि जे आपल्यासारखे परत येणार आहेत त्यांच्याशी वर्षभर संपर्क ठेवावा.

पंचवटीकर

चौथा_मजला यांनी लिहिलेले मी मुलीला जसेच्या तसे वाचून दाखवले. एक शेवटची शंका आहे. त्याच कंपनीने पुढे कायम नोकरी देण्याची शक्यता किती असते, आणि ती दिली तर व्हिसाचे काय?

सुरमई_सांज, ब्रिस्टल

काकू, चांगले काम केलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतरच्या नोकरीचे आमंत्रण देणे ही येथे रूढ पद्धत आहे. आम्हालाही अनोळखी उमेदवारापेक्षा वर्षभर पाहिलेला माणूस केव्हाही बरा वाटतो. तरी ते गृहीत धरू नये. मुलीने साधारण नवव्या महिन्यात आपल्या वरिष्ठांना आणि मनुष्यबळ विभागाला, दोघांनाही, थेट विचारावे. व्हिसाची बाजू अशी की पदवीनंतर ग्रॅज्युएट रूटवर कोणाच्याही प्रायोजकत्वाविना काम करता येते. त्याची मुदत दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी ती १८ महिने झाली आहे. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची मर्यादा ४१,७०० पौंड आहे आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी ३३,४०० पौंड; त्या पदाचा ठरलेला दर (नव्याने लागणाऱ्यांसाठी त्याचे ७० टक्के) याहून अधिक असेल तर तो लागू होतो. त्यामुळे कंपनीकडे प्रायोजकाचा परवाना आहे का आणि नव्या पदवीधरांना ती किती पगार देते, हे दोन प्रश्न मुलीने प्लेसमेंटच्या काळातच विचारून ठेवावेत. तुमची मुलगी चार वर्षांनी बाहेर पडेल, तोवर हे आकडे बदलू शकतात, म्हणून त्या वेळी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहावे.

कोरा_कागद

डरवेंटकाठ दादा, जागा मिळाली असे धरून एक विचारतो. कंपनीत केलेले काम पुढे प्रबंधात किंवा प्रकल्पात वापरता येते का? आमचे प्राध्यापक तसे सुचवतात.

डरवेंटकाठ (धागाकर्ता)

येते, आणि वापरावे. पण परवानगी तिथे असतानाच आणि लेखी घ्यावी. रुजू होताना तुम्ही ज्या गोपनीयतेच्या करारावर सही करता तो काम सोडल्यानंतरही लागू राहतो, त्यामुळे लॅपटॉप परत करण्याआधी फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेणे हा थेट करारभंग आहे. सरळ रस्ता असा: अखेरच्या दोन महिन्यांत आपल्या वरिष्ठांसमोर एक पानाचा प्रस्ताव ठेवावा. त्यात प्रश्न कोणता, कोणती माहिती लागेल, ग्राहकांची नावे आणि खरे आकडे कसे झाकले जातील, आणि प्रबंध विद्यापीठात किती जण वाचतील, हे लिहावे. कंपनीला ज्यात रस आहे पण वेळ नाही असा एखादा प्रश्न प्रत्येक विभागात पडून असतो. तो मागितला तर परवानगी लवकर मिळते आणि वर्षभर कंपनीतल्या माणसांशी बोलणेही चालू राहते. प्राध्यापकांनाही त्याच सुमारास पत्र पाठवून विषय सुचवावा, कारण विद्यापीठात परतेपर्यंत बहुतेक प्रकल्पांचे वाटप झालेले असते.

आपल्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कामाची टिपणेही त्याच महिन्यांत तयार करावीत: कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या कामासाठी कोणाला विचारायचे, काय अर्धवट राहिले आहे. माझ्या विभागात ही टिपणे नीट देऊन गेलेल्या मुलांची शिफारसपत्रे मी आनंदाने आणि सविस्तर लिहितो, कारण त्यांनी काय केले हे मला पानापानावर दिसते. कोरा_कागद, प्लेसमेंट कार्यालयाचे पत्र मिळाले की कळवा. कंपन्यांना पाठवायचा मजकूर येथे टाकलात, तर मी आणि सुरमई_सांज तो पाहून देऊ.